संशोधनाच्या नावानं फाडलेली पावती

आजारी मुलांसाठी पैसा उभा करायचं काम मी ओझरला बरीच वर्षं केलं. त्या कामात माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. पहिल्या वेळी मी एका मुलाच्या उपचाराच्या बिलालाच संशोधन समजलो आणि गावाचा पैसा तिकडे वळवला. दुसरी चूक त्याहून वाईट. पहिल्या अनुभवानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायलो असतो तरी चाललं असतं. मी ताक ओतूनच दिलं. खऱ्या संशोधनासाठी कुणी पैसे मागायला आलं, तर त्यालाही दारातून परत पाठवू लागलो.

मुलगा माझ्या जुन्या सहकाऱ्याचा नातू. त्याचं नाव इथे लिहीत नाही. चार-पाच वर्षांचा असताना त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरदार दिसायच्या. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेत त्याला खांद्यावर घेऊन मीच म्हणालो होतो, "पोटऱ्या बघा पोराच्या, पैलवान होणार." त्या पोटऱ्या आजारानं फुगलेल्या होत्या. जिना चढताना तो कठड्याला लटकायचा. खाली बसलेला उठताना आधी पालथा व्हायचा, दोन्ही तळहात फरशीवर टेकायचा, ढुंगण वर उचलायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर हात टेकत टेकत उभा राहायचा. घरचे म्हणायचे, आळशी आहे. शाळेत बाई म्हणायच्या, खेळात मागे पडतो. नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला जमिनीवर बसवून एकदा उठायला सांगितलं आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंची झीज दाखवणारा सीपीकेचा आकडा हजारांत आला. पुढे मुंबईला जनुकाची तपासणी झाली आणि नाव कळलं: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, डीएमडी.

स्नायूंना धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणं थांबतं, आणि पुढे हृदय आणि श्वास यांच्यावर येतं. मुंबईच्या डॉक्टरांनी आईवडिलांना आणि सोबत गेलेल्या मला समोर बसवून सगळं सांगितलं. बरं करणारं औषध आज नाही. पण स्टेरॉइडची गोळी, रोजचा व्यायाम, हृदयाची वेळच्या वेळी तपासणी, एवढं केलं तर चालण्याची काही वर्षं हाती लागतात. आम्ही पहिलं वाक्य ऐकलं. पुढची वाक्यं कानावर पडली, आत गेली नाहीत.

अशा घरापर्यंत माहितीपत्रक पोचायला वेळ लागत नाही. एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयाचं ते होतं. स्टेम सेल (मूळपेशी), अत्याधुनिक संशोधन, परदेशी रुग्णांचे अनुभव, आणि शेवटच्या पानावर खर्चाचा अंदाज, काही लाखांचा. मला त्यातला 'संशोधन' हा शब्द भावला. एचएएलच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. विमान बनवणाऱ्या जागी राहून विज्ञानावर माणसाचा जो विश्वास बसतो, तो माझाही होता. मी आवाहन लिहिलं: आपल्या गावच्या लेकरासाठी आणि उद्याच्या हजारो लेकरांसाठी संशोधनाला हातभार लावा. हायवेलगत फ्लेक्स लावला, त्यावर मुलाचा फोटो. त्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. निवृत्त सहकारी, गणेश मंडळं, टाउनशिपमधल्या महिला, पिंपळगावचे द्राक्षव्यापारी, सगळ्यांनी दिलं. पावतीपुस्तकावर मी 'वैद्यकीय संशोधन निधी' असं छापून घेतलं होतं.

वर्गणीसाठी बोलावलेल्या सभेत एक नाना उठले. नाना पाणी वापर संस्थेच्या कामात मुरलेले. ओझरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: वाघाड धरणाच्या कालव्यावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी चुकती करायची आणि हिशेब सर्वांसमोर वाचायचा, ही शिस्त त्यांनी लावली. नाना त्या शिस्तीतला माणूस. नानांनी विचारलं, "संशोधन आहे म्हणता, मग पोराच्या बापाकडून पैसे का घेतात? आणि गुण आला की नाही आला, हे लिहून कोण ठेवणार?"

मी म्हणालो, "नाना, हे पाणी नाही. विज्ञान आहे."

सभेत लोक हसले. नाना खाली बसले आणि त्यांनीही पाचशेची पावती घेतली. त्या दोन प्रश्नांची उत्तरं मी त्या आठवड्यात शोधली असती, तर गावाचे पैसे वाचले असते आणि मुलाचे महिनेही. कारखान्यात मी क्वालिटीत होतो. कुठलाही सुटा भाग हातात आला की सोबतचा कागद आधी बघायचा: कुठल्या बॅचचा, कुणी तपासला, शिक्का कुणाचा. कागद नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, बाजूला ठेवायचा. त्यावर माझी वरिष्ठांशी भांडणंही झाली आहेत. आणि एका लेकराच्या पाठीच्या कण्यात सुई जाणार होती, तेव्हा मी एकही कागद मागितला नाही.

इंजेक्शनं झाली. पहिले काही दिवस सगळ्यांना फरक दिसला, मलाही. तो दिसणारच होता, इतकी आस लावून बघत होतो आम्ही. मग फरक दिसेनासा झाला. रुग्णालयाकडून फोन यायचा तो पुढच्या फेरीच्या पैशांसाठी. मुलगा किती पावलं चालतो, किती सेकंदांत उठतो, हे कुणी विचारलं नाही, मोजलं नाही, लिहून ठेवलं नाही.

आणि या सगळ्यात माझं एक वाक्य होतं, ते मला आजही टोचतं. मुलाच्या आईनं विचारलं होतं, "काका, त्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालूच ठेवायच्या ना?" मी म्हणालो, "स्टेरॉइड म्हणजे विष गं. हे नवे उपचार चालू आहेत तोवर कशाला?" स्टेरॉइडनं तोंड सुजतं, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात हे मी ऐकलं होतं, आणि ते खरंही आहे. पण डीएमडीत चालण्याचे दिवस वाढवणारं, भक्कम पुरावा असलेलं जे थोडंफार हाती आहे त्यात ती स्वस्त गोळी पहिली. ती मी माझ्या अर्धवट ज्ञानानं बंद करायला लावली. आईनं ऐकलं, कारण गावानं पैसे दिले होते आणि ते गोळा करणारा मी होतो. मदत करणाऱ्याच्या शब्दाला असं वजन येतं. ते पेलायची माझी लायकी नव्हती.

या गोळीबद्दलचा पुरावा कुठून आला, हे मी नंतर वाचलं. स्टेरॉइड रोज द्यायचं की दहा दिवस देऊन दहा दिवस थांबायचं, प्रेडनिसोन बरं की डिफ्लाझाकोर्ट, यावर डॉक्टरांचं वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. जुन्या, स्वस्त गोळ्यांची तुलना करण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? अखेर पाच देशांतल्या रुग्णालयांनी मिळून चार ते सात वर्षांच्या १९६ मुलग्यांवर तीन वर्षं अभ्यास केला. मुख्य निधी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा होता. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आला: दहा दिवस सोडून देण्यापेक्षा रोजची गोळी बरी, दोन्हींपैकी कुठलीही. तो अभ्यास करणाऱ्यांनी एकही नवं औषध शोधलं नाही. तरी आज नाशिकच्या डॉक्टरला पालकांसमोर ठामपणे बोलता येतं, ते त्या अभ्यासामुळे.

आम्ही पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा एका तरुण डॉक्टरनं सगळी फाइल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "सीटीआरआय नंबर काय होता?" मला अर्थ कळला नाही. त्यानं माझ्याच मोबाइलवर दाखवलं. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची नोंदवही. २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ च्या जूनपासून औषधांच्या चाचण्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली. कोण करतंय, किती रुग्ण, काय मोजणार, पैसा कुणाचा, कुठल्या नैतिकता समितीनं मंजुरी दिली, हे सगळं तिथे कुणालाही फुकट वाचता येतं. आमच्या रुग्णालयाचा असा कुठलाही अभ्यास तिथे सापडला नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे की, रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळे स्टेम सेल प्रयोग फक्त मंजूर चाचणीतच करायचे आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही विचारायची असते. मी फ्लेक्स लावताना विचारली नव्हती, सुई टोचताना कुणी विचारली नाही.

नानांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या नियमांत आहेत. मी त्यांच्या घरी गेलो, सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? पैसा कुठून कुठे जातो ते बघायची सवय आहे फक्त." पुढच्या सभेत मी हिशेब वाचला आणि पैसे संशोधनाला गेले नाहीत हे सांगितलं. लोकांनी मला माफ केलं. मी तिथे थांबायला हवं होतं.

दुसरी चूक इथून सुरू झाली. संशोधन म्हटलं की मी उखडू लागलो. आमच्या निवृत्तांच्या मंडळाकडे काही वर्षांनी एका सार्वजनिक रुग्णालयातून विनंती आली. स्नायूंचे आणि इतर दुर्मिळ आजार असलेल्या मुलांची नोंदवही ठेवायला दोन वर्षांसाठी एक माणूस हवा होता. तो दर काही महिन्यांनी मुलांची ताकद मोजून लिहिणार, न आलेल्यांना फोन करणार, लांबच्यांना एसटीचं भाडं देणार. अर्जासोबत समितीची मंजुरी होती, अंदाजपत्रक होतं, दोन पानांत काय मोजणार ते होतं. या वेळी कागद सगळे होते. मी ते वाचलेच नाहीत. मी उभा राहून बोललो, "क्लार्कच्या पगारानं कुणाचं पोर बरं होणार आहे? आपण एकदा फसलो, पुरे झालं." मंडळानं माझं ऐकलं. ते पैसे वॉटर कूलरला गेले, त्यावर देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. पाणी प्यायला मिळालं, ते चांगलंच झालं. पण नोंदवही राहून गेली.

नोंदवहीतून पोरं वाचतात की नाही, याचं उत्तर महाराष्ट्रातच होतं आणि ते मला माहीत असायला हवं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला तो खेड्यात. १९९३ पासून पाच वर्षं. ३९ गावांत घरोघरी काळजी आणि तुलनेसाठी दुसरी गावं. पैसा होता फोर्ड आणि मॅकआर्थर या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांचा. गावातल्याच बाईला शिकवायचं: बाळाचं वजन कर, श्वास मोज, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळख, इंजेक्शन दे. आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू लिहून ठेव. ही शेवटची गोष्ट नसती तर बाकी सगळ्याला कुणी विचारलं नसतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून ही घरपोच काळजी देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आली. आज ओझरमध्ये बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन दारात येते. तिच्या या भेटींचं मूळ गडचिरोलीच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्यांचा खर्च कुणीतरी देणगी म्हणून उचलला होता. तेव्हा कुणी मंडळात उभं राहून 'वह्यांनी पोर वाचतं का' असं म्हणालं असतं तर? मी तेच म्हणालो होतो.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचंही असंच. मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी १९८४ पासून अमेरिकी संशोधकांच्या साथीनं एकच उपचारक्रम ठरवला, एमसीपी ८४१. वेगळं काही असेल तर ते हेच की तिघांनी एकसारखे उपचार केले आणि एकसारखं लिहून ठेवलं. आधी वीस टक्क्यांहून कमी मुलं तगायची; पुढे चार वर्षांनंतरही आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. आणि मुंबईनं या कामाला पैसा द्यायला फार आधी सुरुवात केली होती. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानंच, गेल्या. सर दोराबजींनी दुसऱ्या वर्षी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. त्या वेळी हा आजार बरा करणारं औषध जगात कुठेच नव्हतं. ज्याचा गुण स्वतःच्या माणसाला येणं शक्य नव्हतं, त्यासाठी दोराबजींनी पैसा ठेवला, आणि त्याचे पाचपैकी चार भाग जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुले ठेवले. मी ओझरच्या मुलासाठी म्हणून पैसा मागत होतो आणि त्याला संशोधन म्हणत होतो. त्यातला फरक दोराबजींचं वाचल्यावर मला उमगला.

आमच्या मुलाच्या आजाराचंच बघा. डिस्ट्रॉफिनचं जनुक १९८६ मध्ये बोस्टनच्या लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, प्रथिन पुढच्या वर्षी. त्यामागे अमेरिकेतल्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशनचा पैसा होता, टीव्हीवरून लोकांकडून डॉलर-डॉलरनं जमवलेला. फ्रान्समध्ये १९८७ मध्ये पालकांनीच टीव्हीवरून असा निधी उभा केला आणि त्यातून जेनेथॉन ही प्रयोगशाळा काढली. बंगळुरूत डीएमडी झालेल्या मुलांच्या पालकांनी डार्ट नावाचा संशोधन न्यास काढला आणि आयआयटी जोधपूरसोबत काम सुरू केलं. मुंबईत ज्या जनुकतपासणीनं आम्हाला आजाराचं नाव मिळालं, ती कुंकेल यांच्या त्या शोधाशिवाय झालीच नसती. म्हणजे आमचा मुलगा आधीच अनोळखी लोकांच्या देणगीचा लाभार्थी होता.

देणग्यांतून सुरू झालेलं संशोधन पुढे कंपनीकडे जातं आणि किंमत गगनाला भिडते, ही माझी तक्रार मात्र अजून तशीच आहे. डीएमडीवरची जनुकोपचाराची एक मात्रा अमेरिकेत २०२३ मध्ये ३२ लाख डॉलरला आली. ती घेतलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचं २०२५ मध्ये पुढे आलं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या आजारावरचं रिसडिप्लाम हे औषध पालकांनीच काढलेल्या एसएमए फाउंडेशनच्या पाठबळावर सुरू झालं, आणि भारतात त्याची एक बाटली सहा लाखांच्या घरात विकली गेली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीनं ती १५,९०० रुपयांना आणली. माझं मत असं की, देणगी देणाऱ्यानं पहिल्याच दिवशी अट घालावी: निष्कर्ष सगळ्यांना खुला राहील, अपयश आलं तरी छापलं जाईल, आणि यातून औषध निघालं तर ते आपल्या मुलांना परवडेल अशा किमतीत मिळेल. शेवटची अट कायद्यानं किती टिकेल ते वकील सांगतील, पण मागायलाच कुणी तयार नसतं.

मुलाच्या उपचारासाठी गाव पैसे गोळा करतं, ते मी चूक म्हणत नाही. समोरचं पोर सोडून कुणी प्रयोगशाळेला पैसे देऊ नयेत. फक्त दोन पावतीपुस्तकं वेगळी असावीत, आणि दुसरं पुस्तक रिकामं राहू नये. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. तिथे आधी अर्ज करावा. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून आयसीएमआरला किंवा अणुऊर्जा विभागाखालच्या संशोधन संस्थांना पैसे द्यायची मुभा कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि टाटा मेमोरियल सेंटर त्याच विभागाखाली येतं. आमच्या नाशिक-ओझर पट्ट्यातल्या कारखान्यांनी शाळांचे रंग आणि बसथांबे याबरोबर याचाही विचार करावा.

तो मुलगा आता चाकाच्या खुर्चीवर आहे आणि दहावीच्या तयारीला लागला आहे. गोळी पुन्हा सुरू आहे. त्याच्या आईनं मला कधी दोष दिला नाही. मी तिला स्वतः सांगितलं की गोळीबाबत मी बोललो ते चुकीचं होतं. हे लिहितोय असं मुलाला सांगितलं आणि त्याची परवानगी घेतली. त्यानं एक दुरुस्ती सुचवली: फ्लेक्सवरचा फोटो त्याला अजिबात आवडला नव्हता, हेही लिहा.

ज्या रुग्णालयाला मी परत पाठवलं, तिथे मी जाऊन आलो. नोंदवहीची गरज अजून आहे. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत दोन वर्षांच्या त्या पगाराचा ठराव मी मांडणार आहे, समितीची मंजुरी आणि अंदाजपत्रकासह, आणि हिशेब तपासायला नानांनी होकार दिला आहे. ओझरकरांनो, सभेला या, कागद स्वतः वाचा, शंका असेल ती विचारा, आणि पटलं तर हात वर करा.